ग्रो बॅगची किट, वर्षभर वापरून झाल्यावर

गच्चीवर भाजी लावायची ही किट घेऊन वर्ष झालं म्हणून आता लिहितेय, पहिल्या महिन्यातले रिव्ह्यू वाचून घेऊ नका, तेव्हा सगळंच हिरवंगार दिसतं.

बारा ग्रो बॅगा, म्हणजे कुंडीऐवजी रोपं लावायच्या पिशव्या, कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दाबलेल्या भुश्याच्या विटा, गांडूळखत, बिया आणि निंबोळी तेल. बॅगा दणकट आहेत, उन्हात एकही फाटली नाही. घोळ झाला कोकोपीटचा. वीट बादलीत भिजवली, फुगली, तशीच भरली, कारण सोबतच्या कागदावर तेवढंच लिहिलेलं. तीन आठवड्यांत टोमॅटोच्या पानांच्या कडा करपल्या आणि बॅगेच्या काठावर पांढरा खार धरला. काथ्याच्या भुश्यात मीठ असतं, दोन-तीनदा पाणी बदलून, घट्ट पिळून ते काढावं लागतं, हे विकणाऱ्याने सांगायला नको का? सगळी रोपं गेली, खूप वाईट वाटलं.

दुसऱ्या खेपेला धुऊन भरलं आणि पालक, पुदिना, कोथिंबीर असं आलं की विचारू नका. पालेभाजीला चार तास ऊन पुरतं, टोमॅटोला सहा ते आठ तास लागतं, ते नसेल तर नुसती पानं वाढतात.

पण खोक्यावर छापलंय 'घरची सगळी भाजी घरीच', ते मला अजिबात पटलं नाही. 100 ग्रॅम पालकात 23 कॅलरी, तेवढ्याच गव्हात 340 च्या आसपास. गच्चीवर पोट भरणार नाही, धान्य शेतातूनच येणार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लोकांनी परसात, मोकळ्या जागेत बागा केल्या, 1944 पर्यंत ताज्या भाजीचा साधारण 40 टक्के वाटा त्यातून आला असं सांगतात, तरी तो भाजीचाच वाटा होता आणि ती जमीन होती, बॅगा नव्हेत. शहरात भाजी लावण्यात अर्थ आहे तो ताज्या पाल्यासाठी, जो तोडल्यावर काही तासांत मान टाकतो. सकाळी खुडून लगेच कढईत, ही चव मला दुसरीकडे मिळाली नाही.

एक काळजी घ्या, रस्त्याकडेची माती उचलून बॅगेत भरू नका, जुन्या पेट्रोलमधलं शिसं अशा मातीत वर्षानुवर्षं राहतं. आणि साधी माती भरलेल्या कुंड्या ओल्या झाल्या की फार जड होतात, स्लॅब जुना असेल तर आधी इंजिनिअरला विचारा.

पाचपैकी साडेतीन. कोकोपीट धुवायची सूचना छापली की चार देईन.