लॅनोलिन क्रीम : ग्वाल्हेरच्या थंडीत वापरून पाहिलेलं

आधी निकाल सांगते: घ्या. पण अंगावर पाजताना स्तनांची बोंडं चिरतात, दुखतात म्हणून नुसती ही ट्यूब आणून स्वस्थ बसू नका.

मी दौलतगंजातल्या औषधांच्या दुकानातून मागवली. आत शुद्ध लॅनोलिन, दुसरं काही नाही. मेंढीच्या लोकरीवरची चिकट चरबी शुद्ध करून ते बनवतात. आमच्या घरात सोवळंओवळं अजून आहे, त्यामुळे ‘मेंढीचं काहीतरी बाळाच्या तोंडात?’ हा प्रश्न आलाच. लोकरीतून निघतं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मग काय, धाबळी सोवळ्याला चालते, हेही चालेल.” विषय मिटला.

मोठा गुण म्हणजे पाजण्याआधी पुसावी लागत नाही. रात्री-अपरात्री बाळ रडत असताना धुवा-पुसा कोण करणार? शिवाय सारखं धुतल्यानं कातडी आणखी सोलवटते. साबण तर तिथे नकोच. पाजून झालं की चार थेंब दूध चोळून वाळू द्यायचं, मग क्रीम. चिरा कोरड्या पडून ब्राला चिकटणं थांबलं, ते हिच्यामुळेच.

अवगुण थंडीतले. जानेवारीत ट्यूब दाबून अंगठा दुखतो, आणि तशीच घट्ट क्रीम ओढून लावली तर डोळ्यांत पाणी येतं. मसुराएवढी घ्या, दोन बोटांत चोळून मऊ करा आणि नुसती टेकवा. मी ट्यूब उशीखालीच ठेवायचे. ब्लाउजवर तेलकट डाग पडतात, ते धरून चाला. लोकर अंगाला सोसत नसेल तर ही नको.

पण चिरा मुळात का पडतात, ते ट्यूबला काय ठाऊक! ते दाखवलं दवाखान्यातल्या सिस्टरनं. तिनं बाळानं सोडलेलं बोंड पाहिलं: एका बाजूनं चपटं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं. म्हणाली, “पोरगी नुसतं बोंडच चावते आहे.” बाळाचं पोट आपल्या पोटाशी, नाक बोंडासमोर. बाळानं मोठा आ केला की हनुवटी आधी टेकवून चटकन जवळ घ्यायचं, म्हणजे खालचा काळसर भागही तोंडात जातो. सुरुवातीच्या दिवसांत पहिले काही क्षण कळ येऊ शकते. पुढेही दुखत राहिलं तर सोडवून पुन्हा लावायचं. सोडवताना ओढायचं नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवायची. एवढं जमलं आणि क्रीम निम्मीच लागू लागली. नीट लावूनही जमत नसेल तर बाळाची जीभ खाली बांधलेली आहे का, ते बालरोगतज्ज्ञांना बघू द्यावं.

दुसरं दुखणं खास आपल्याकडच्या हिवाळ्याचं. पाजून झालं की बोंड पांढरंफटक पडायचं, मग निळसर, मग लाल, आणि सुया टोचल्यासारखी आग. थंडीनं तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात. बाळानं नीट धरलेलं नसेल तरी हे होतं. त्यावर क्रीम शून्य. मऊ कापड सिगडीवर गरम करून, हाताला सोसेल इतपतच, बाळानं सोडताक्षणी शेक द्यायचा आणि छाती उघडी ठेवायची नाही. मला तेवढ्यानं भागलं. नाही भागलं तर डॉक्टर औषध देतात.

माझ्या जावेचं निराळंच होतं. पाजून झाल्यावरही आत खोलवर जळजळ, आणि बाळाच्या गालांत न पुसले जाणारे पांढरे चट्टे. ती बुरशी, आई-बाळ दोघांवरही एकदमच उपचार करावे लागले. ताप येऊन स्तनाचा एखादा भाग लाल, कडक झाला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पाजणं मात्र थांबवायचं नाही. आणि बाळंतीण नसतानाही एकाच बोंडावर बरा न होणारा खरबरीत चट्टा असेल किंवा रक्त येत असेल, तर ही ट्यूब फासत बसू नका, तपासून घ्या.

किंमत जास्त वाटते, पण छोटी ट्यूब पुष्कळ पुरते. मोठी घेऊ नका; माझी उरलेली आता ओठांना आणि टाचांना चालली आहे.