शेवट माहीत असलेले पिक्चर

सध्या नवीन कमी आणि आधी बघितलेलेच पिक्चर जास्त बघणं चाललंय, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालंय, की पिक्चर किती पाण्यात आहे हे पहिल्या वेळी नीट कळतच नाही. पहिल्या वेळी आपण नुसते गोष्टीच्या मागे पळत असतो, खून कुणी केला, पकडला जाणार का, लग्न होणार का मोडणार. दुसऱ्या वेळी हे सगळं माहीतच असतं, मग बसून बघायचं काय? तर तेव्हा जे उरतं त्यावर मी मार्क देते. खाली सगळं ह्याच हिशोबाने लिहिलंय, स्पॉयलर भरपूर आहेत, ज्यांना चालत नाहीत त्यांनी इथूनच कल्टी मारा.

'ट्वेल्व्ह अँग्री मेन' परत बघितला. 1957 चा, ब्लॅक अँड व्हाइट, सिडनी ल्युमेटचा पहिला सिनेमा, दीड तासाच्या जरासा वर आणि जवळजवळ सगळा एकाच खोलीत. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा, बारा ज्युरी, पहिल्या मतदानाला अकरा जण दोषी म्हणून हात वर करतात आणि एकटा हेन्री फोंडा करत नाही. गोष्ट बहुतेकांना माहितीये, ज्यांनी हा नाही बघितला त्यांनी बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' तरी बघितलेला असतो. तर यावेळी माझं फोंडाकडे फार लक्षच गेलं नाही. पांढरा सूट, शांत आवाज, कायम बरोबर, दुसऱ्यांदा बघताना तो जरा जास्तच संतमहात्मा वाटतो, आणि बाहेर जाऊन तसलाच चाकू स्वतःच विकत घेऊन येतो हे ज्युरीने करायचंच नसतं, पण तो खाडकन चाकू टेबलात रोवतो तो क्षण इतका भारी आहे की तिथे कायदा कोण काढत बसणार.

यावेळी बघितला तो नऊ नंबरचा म्हातारा. सगळ्यात आधी मत बदलतो तो हाच, आणि साक्षीदार म्हाताऱ्याच्या फाटक्या कोटापासून बाईच्या नाकावरच्या चष्म्याच्या वळांपर्यंत सगळं ह्यालाच दिसलेलं असतं. फोंडा वाद घालतो, हा नुसता बघत बसलेला असतो. आणि दुसरा चार नंबरचा, तो चष्मेवाला शेअर ब्रोकर, एवढ्या उकाड्यात ज्याने कोटसुद्धा काढलेला नाही, कुणीतरी विचारतं तुम्हाला घाम येत नाही का, तर तो म्हणतो नाही, येत नाही. त्याचा मुद्दा असा की पोरगा म्हणतो मी खुनाच्या वेळी पिक्चरला होतो, पण त्याला पिक्चरचं नावसुद्धा सांगता आलं नाही म्हणजे खोटं बोलतोय. मग फोंडा त्यालाच विचारतो, काल रात्री काय केलं, परवा काय केलं, असं करत करत मागे नेतो, आणि ह्या साहेबांनीही त्याच आठवड्यात पिक्चर बघितलेला असतो पण नाव चुकतं, नट आठवत नाहीत. आणि मग तो कपाळ पुसतो! पहिल्या वेळी हे पार हुकतं कारण आपण पोराचं काय होणार ह्यात अडकलेलो असतो.

कॅमेऱ्याचंही तेच. ल्युमेटने सुरुवातीला कॅमेरा डोळ्यांच्या वर ठेवलाय, मग डोळ्यांच्या पातळीवर, शेवटाकडे त्याच्याही खाली, त्यामुळे नंतर नंतर छत दिसायला लागतं, लेन्सही हळूहळू बदलत नेल्यात की मागची भिंत पाठीला चिकटल्यासारखी वाटते. आधी नुसतं गुदमरल्यासारखं होतं आणि का ते कळत नाही, आता कळतं आणि तरीही गुदमरतंच. पोराने खून केला होता की नव्हता ते पिक्चर शेवटपर्यंत सांगत नाही, आणि बरंच आहे.

तिथून एकदम 'दृश्यम'. हिंदीवाला, 2015 चा, निशिकांत कामतचा. मूळ मल्याळम जीतू जोसेफ-मोहनलालचा, त्याचे चाहते हिंदीला नाकं मुरडतात, मुरडू देत. बॉडी कुठे आहे हे माहीत असल्यावर ह्यात काही उरणार नाही असं वाटतं ना, उलट पोलीस स्टेशनच्या बांधकामाचे शॉट सुरुवातीपासून दिसायला लागतात आणि मजा वाढते. आणि खरी गंमत साक्षीदारांची आहे, कुणीच खोटं बोलत नाहीये, कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरवाला, सगळे प्रामाणिकपणे 2 ऑक्टोबर सांगतायत कारण घरच्यांच्या हातून झालेला खून लपवायला विजय साळगावकरने, म्हणजे अजय देवगणने, त्यांच्या डोक्यात तारीखच हलवून ठेवलीये. म्हणजे तिकडे एका माणसाला बघितलेला पिक्चर आठवत नाही म्हणून पोराचा जीव जाणार आणि इकडे सगळ्यांना पिक्चर अगदी तारखेसकट आठवतोय आणि तेच खोटं. हे दोन्ही लागोपाठ बघा, खूप मजा येते. कमलेश सावंतचा गायतोंडे तेव्हा नुसता व्हिलन वाटलेला, पण गंमत अशी की त्या अख्ख्या पोलीस खात्यात पहिल्यापासून बरोबर तोच असतो. आयजी मीरा देशमुखला सुद्धा उशिरा कळतं. निशिकांत कामत 2020 मध्ये गेला, 'डोंबिवली फास्ट' केलेला माणूस, अजून बरंच काही केलं असतं त्याने.

'अंधाधुन' मात्र माझ्या हिशोबात अर्धाच पास. पहिला अर्धा भाग आजही हलू देत नाही, आंधळ्याचं सोंग घेतलेला आयुष्मान पियानो वाजवतोय, त्याच्या डोळ्यांसमोर बॉडी हलवली जातेय आणि त्याला आंधळ्यासारखं वाजवतच राहायचंय, एक डायलॉग नाही, हा सीन कितीही वेळा बघा. तब्बू तर काय, एका वाक्यात घाबरलेली बायको आणि पुढच्या वाक्यात बिल्डिंगवरून ढकलून देणारी बाई. पण नंतर ते किडनी प्रकरण सुरू झालं की पहिल्या वेळी आपण धक्क्यांच्या जोरावर पुढे ढकलले जातो, आता धक्के माहीत असल्यामुळे तो भाग नुसता लांबतो. डॉक्टर, रिक्षा, ब्लॅकमेल, एकावर एक. शेवट मात्र जबरी, कारण ती सगळी गोष्ट तो स्वतःच मैत्रिणीला, सोफीला सांगत असतो, आणि काठीने कॅन उडवल्यावर आपल्याला कळतं की सांगणाराच भरवशाचा नाही, मग त्याच्या गोष्टीतला ससा खरंच आला होता का? पहिल्याच सीनमध्ये ससा दाखवून ठेवलाय श्रीराम राघवनने, तेवढ्यासाठी परत सुरुवातीपासून लावला आणि बरोबर जिथून कंटाळा येतो तिथे बंद केला. त्यात लॉटरीची तिकिटं विकणारी बाई लक्षात ठेवा, तिच्याकडे येतेच.

मधे एक नवा कोरा, प्रचंड पैसे ओतलेला पिक्चरही बघितला, नाव घेत नाही. दर दहा मिनिटांनी हिरोची एन्ट्री, म्हणजे एन्ट्री झाल्यावर परत एन्ट्री, आणि पार्श्वसंगीत असं की पात्रं काय बोलतायत ते सबटायटलवर वाचायला लागावं. तो परत बघायची वेळ येणारच नाही त्यामुळे माझी परीक्षा त्याला लागूच होत नाही.

आता 'सामना'. जब्बार पटेल, तेंडुलकरांची पटकथा, 1975 ला बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. "मारुती कांबळेचं काय झालं?" हे वाक्य पिक्चर न बघितलेल्यांनाही माहीत असतं, राजकारणावर बोलताना आजही फेकलं जातं. त्यामुळे मारुती कांबळेचं काय झालं हे माहीत असताना हा बघणं म्हणजे एकदम वेगळा पिक्चर, रहस्य संपतं आणि समोर दोन माणसं उरतात, डॉक्टर लागू आणि निळूभाऊ. मास्तर दारुडा, स्वातंत्र्यलढ्यातला, सगळं हरून बसलेला, आणि हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे साखर कारखाना, सत्ता, गाव खिशात. निळू फुले म्हटलं की लोक नक्कल करायला घोगरा आवाज काढतात, पण इथे तो माणूस किती हळू बोलतो ते ऐका. बऱ्याच सीनमध्ये तो काहीच करत नाही, नुसता बसलेला असतो आणि खोलीत बाकीच्यांना जागा उरत नाही. त्याला मास्तर हवासा का वाटतो हा माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, मारुती कांबळेपेक्षाही मोठा. एवढा पॉवरबाज माणूस एका दारुड्याला घरी आणून ठेवतो, त्याच्याशी बोलत बसतो, कारण गावात ह्याच्याशी बरोबरीने बोलणारं दुसरं कुणी शिल्लकच नाहीये, ते त्यानेच संपवलेत. म्हणून शेवटाकडे त्याची दया येते आणि दया आली म्हणून स्वतःचाच रागही येतो. 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' लागतं तेव्हा मी पॉज करून उठले जरा. आरती प्रभूंचे शब्द, चंदावरकरांचं संगीत, रवींद्र साठेंचा आवाज, आणि एवढ्या जुन्या गाण्यावर एक कणभर धूळ नाही. लय काही ठिकाणी संथ आहे, प्रिंट जी मिळते ती भंगार, आवाज कमीजास्त होतो, पण चालवून घ्या.

'कोर्ट'ला शेवट माहीत असण्याचा काही त्रासच नाही, कारण चैतन्य ताम्हाणेने त्यात पुढे काय होणार ही उत्सुकता मुळात ठेवलेलीच नाहीये. लोकशाहीर नारायण कांबळेंवर आरोप काय, तर त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली. हसावं का रडावं. तारीख पे तारीख, कॅमेरा एका जागी. यावेळी सरकारी वकील नूतनवर नजर खिळली, गीतांजली कुलकर्णी, जी कोर्टात त्या म्हाताऱ्याला वर्षानुवर्षं आत ठेवायची भाषा अगदी बिनधास्त करते आणि मग लोकलमध्ये साडीबद्दल गप्पा मारते, घरी जाऊन स्वयंपाक करते, रविवारी घरच्यांना घेऊन नाटकाला जाते. ती दुष्ट नाहीये, ती कामावर आहे. हे पचायला जास्त जड जातं. आणि स्लीव्हलेस घातलं म्हणून एका बाईची केस त्या दिवशी ऐकतच नाहीत तो सीन, दहा सेकंदात आटपतो, कुणी काही बोलत नाही. वीरा साथीदार 2021 मध्ये कोविडने गेले, त्यांचा स्टेजवरचा भाग बघताना ते आठवत राहतं.

'तुंबाड'बद्दल थोडक्यात, भीती साफ गेली. विहिरीतला तो राक्षस, हस्तर, आता कधी उडी मारणार ते माहितीये. पण बापाने पोराला विहिरीत उतरायचं ट्रेनिंग देणं आणि पोरगं बापापेक्षा हावरट निघणं हे आता जास्त टोचतं. त्या पोराचं काम करणारा मोहम्मद समद हाच मेकअपखाली आजीसुद्धा झालाय, हे माहीत असून बघितलं की थक्क व्हायला होतं. पाऊस असा दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये दिसत नाही. 2024 ला परत थिएटरला लागला तेव्हा 2018 पेक्षा जास्त चालला ते उगाच नाही.

आणि 'अशी ही बनवाबनवी', हा तर परत बघितला असं म्हणायचीही सोय नाही कारण तो कायम कुठे ना कुठे चालूच असतो. इथे शेवटच काय प्रत्येक डायलॉग आधीच तोंडात येतो. तरी हसू येतंच, का येतं? मी यावेळी मुद्दाम बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघत होते आणि सगळं उत्तर तिथे आहे. सत्तर रुपये वारले तेव्हा सुधीर जोशींचा चेहरा बघा, म्हणजे पैसे गेल्याचं दुःख, मयताला मान द्यायचा म्हणून आणलेला गंभीरपणा आणि आपल्याला गंडवलंय हा संशय, सगळं एकदम. घरमालकीण लीलाबाई काळभोरसमोर अशोक मामा खोटं रचताना डोळे कसे फिरवतात ते बघा. लक्ष्याची पार्वती साडीत असूनही चालताना मधूनच विसरते, आणि ते विसरणं अगदी बरोबर वेळेवर असतं. नाही आवडत ते म्हणजे हिरॉइन, चौघीही चांगल्या आहेत पण त्यांना फसण्यापलीकडे कामच दिलेलं नाही, आणि गाणी आली की मी चहाला उठते. लक्ष्या आणि सिद्धार्थ रे दोघंही 2004 मध्येच गेले, हे आठवलं की त्या हसण्यात मधेच काहीतरी खुपतं.

आता ती लॉटरीवाली बाई, छाया कदम. 'फँड्री'त जब्याची आई तीच, 'सैराट'मध्ये सुमन अक्का तीच, 'अंधाधुन'मध्ये तीच, आणि पहिल्या वेळी गोष्टीच्या मागे पळताना ती दर वेळी आपल्याकडून निसटते. 'फँड्री' शेवटच्या दगडासाठी सगळ्यांना आठवतो, पण परत बघताना मी आईकडे बघत बसले, डुक्कर पकडताना गाव हसतंय आणि ती राबतेय. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मी पहिल्यांदाच बघितला, 2024 ला कानमध्ये ग्राँ प्री मिळालेला, त्यात ती हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करणारी पार्वती आहे, नवरा गेलाय, घराचे कागद नाहीत, बिल्डर घराबाहेर काढतोय. दोन नर्सची मुख्य गोष्ट आहे, कनी कुसृती आणि दिव्य प्रभा दोघी सुरेख, जर्मनीहून आलेला राइस कुकर मिठीत धरून बसलेली कनीची प्रभा विसरता येत नाही, पण पार्वती आली की पिक्चरमध्ये हवा येते. प्रभा आणि पार्वती रात्री बिल्डरच्या होर्डिंगवर दगड मारतात तेव्हा मला 'फँड्री' आठवला आणि मी एकटीच हसले. पिक्चर काही ठिकाणी इतका हळू की झोप येईल, कोकणातला भाग मला मुंबईच्या भागाएवढा नाही भिडला, तो समुद्रातून वाचवलेल्या माणसाचा सीन तर अजून नीट लागला नाहीये, तेवढ्यासाठी परत बघणार.

'लापता लेडीज'मध्येही तीच, स्टेशनवर टपरी चालवणारी मंजू माई. घुंघटाखाली बायकोच बदलली ही गंमत एकदा बघितली की संपते, रवी किशनचा पान खाणारा इन्स्पेक्टर थोडा टिकतो, शेवट फार गोड गोड आहे. मंजू माईचे सीन मात्र मी पुढे ढकलत ढकलत शोधून परत बघितले, बाकीचा पिक्चर तसाच राहिला.