फिलाडेल्फियातील रुग्णालये: आईच्या उपचारांचा नऊ महिन्यांचा अनुभव

आईच्या हृदयातली महाधमनीची झडप अरुंद झाल्याचे निदान झाले, त्याला आता नऊ महिने होतील. या काळात फिलाडेल्फियातील दोन रुग्णालय-समूहांमध्ये मिळून आमच्या वीसेक फेऱ्या झाल्या. आई-वडिलांना इकडे राहायला आणणाऱ्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या शहरात चांगल्या रुग्णालयांची वाण नाही. 1751 मध्ये स्थापन झालेले पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल आजही सुरू आहे आणि ते पेन मेडिसिनचा भाग आहे. त्याशिवाय जेफरसन आणि टेंपल हे मोठे रुग्णालय-समूह आहेत. शहराचे स्वतःचे रुग्णालय मात्र नाही. फिलाडेल्फिया जनरल 1977 मध्येच बंद झाले. केईएममध्ये केसपेपर काढून रांगेत बसायची सवय असलेल्या माणसाला हा फरक फार जाणवतो. इमर्जन्सीमध्ये कोणालाही तपासावे लागते, असा कायदा आहे. पण ठरवून करायच्या उपचारांत पहिला प्रश्न विम्याचाच येतो. आईचा विमा आम्ही पेनसिल्व्हेनिया राज्याच्या 'पेनी' नावाच्या विमा-बाजारातून घेतला होता. त्यामुळे प्रत्येक भेटीआधी मी विमा कंपनी आणि डॉक्टरांचे कार्यालय, अशा दोन्ही ठिकाणी फोन करून खात्री करत असे, कारण डॉक्टर विम्याच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कंपनीशी करार असलेल्यांच्या यादीत, असले तरी ते जिथे शस्त्रक्रिया करतात ते रुग्णालय असेलच असे नाही.

सर्वांत मोलाची वाटली ती दुभाषाची सोय. सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना ती विनामूल्य द्यावी लागते, पण मराठीसाठी आधी सांगून ठेवलेले बरे. नाहीतर हिंदी दुभाषा जोडून देतात. पहिल्या भेटीत मीच भाषांतर केले आणि "दम लागतो" एवढेच सांगितले. दुसऱ्या भेटीत चाके लावलेल्या स्टँडवरचा टॅबलेट आईसमोर आणून ठेवला गेला, पडद्यावर एक मराठी बाई आल्या आणि आई त्यांना म्हणाली, "जिना चढताना छातीत भरून येतं, डोळ्यांपुढं अंधारी येते." अंधारीचे तिने मला कधी सांगितलेच नव्हते. ते ऐकल्यावर डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या त्याच आठवड्यात लावल्या आणि महिन्याभरात मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून झडप बदलली. घरच्या माणसाने दुभाषा होऊ नये, हे मला तेव्हा पटले.

रुग्णालयाच्या अ‍ॅपची सोय उत्तम आहे, पण रिपोर्ट डॉक्टरांच्या फोनआधीच मोबाइलवर येतात. इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट आम्हाला शनिवारी रात्री दिसला आणि सोमवारपर्यंतचा वेळ फार जड गेला. आता डॉक्टरांशी बोलणे होईपर्यंत मी तो उघडत नाही.

तक्रार आहे ती बिलांची. उपनगरातल्या एका साध्या दवाखान्यात पंधरा मिनिटांची भेट झाली आणि दोन पाकिटे आली: एक डॉक्टरांच्या फीचे, दुसरे 'फॅसिलिटी फी'चे, म्हणजे रुग्णालयाच्या जागा-सुविधांच्या शुल्काचे, कारण तो दवाखाना कागदोपत्री रुग्णालयाचा विभाग होता. ही गोष्ट वेळ देताना कोणीही सांगितली नाही, याचा मला आजही राग आहे. बाबवार बिल मागवले, आर्थिक साहाय्याचा अर्ज भरला, आणि तीन महिन्यांच्या पाठपुराव्यानंतर रक्कम निम्म्यावर आली. ना-नफा रुग्णालयांना असे साहाय्याचे धोरण ठेवावेच लागते, पण अर्ज आपण मागावा लागतो.

पुढच्या इकोची वेळ घेताना मी फॅसिलिटी फीचे आधीच विचारले. ती न लागणारे केंद्र वीस मिनिटे लांब आहे. तिथलीच वेळ घेतली आणि मराठी दुभाषाची नोंदही त्याच फोनवर करून ठेवली.