गीतमाला लावली की गाणी मागे पडतात: सारेगमा कारवाँविषयी

वडिलांच्या पंचाहत्तरीला घेतलेला सारेगमा कारवाँ हा जुनी गाणी वाजवणारा संच गिरगावातल्या आमच्या घरात चार महिने वाजतो आहे. त्यात भरलेल्या पाच हजार गाण्यांपैकी फार थोडी आम्ही ऐकली आहेत, कारण रेडिओनिवेदक अमीन सयानींच्या गीतमालेचा, म्हणजे चित्रपटगीतांच्या क्रमवारीच्या कार्यक्रमाचा, विभाग एकदा लावला की वडील तो बदलू देत नाहीत. त्यामुळे हे परीक्षण यंत्राचे कमी आणि त्या आवाजाचे अधिक आहे.

सयानींचा जन्म १९३२ सालचा, मुंबईतलाच. आई कुलसुम सयानी ‘रहबर’ हे पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत काढत. ज्याला त्याला समजेल अशी सोपी हिंदुस्तानी मुलाच्या जिभेवर बसली ती तिथूनच. थोरले बंधू हमीद यांनी त्यांना आकाशवाणीत नेले. पुढे आपल्याच पुण्याच्या बा. वि. केसकरांनी नभोवाणीमंत्री म्हणून चित्रपटसंगीताला आकाशवाणीवर जवळपास दार बंद केले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. बिनाका गीतमाला तिथे १९५२च्या डिसेंबरात सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, टेप कोलंबोला जाई आणि बुधवारी रात्री आठ वाजता तोच आवाज समुद्रापलीकडून गिरगावात परत येई!

कारवाँवरचे भाग म्हणजे ती जुनी प्रक्षेपणे नव्हेत. सयानींनी नंतर केलेले निवेदन त्यांत आहे. आवाज स्वच्छ आहे, किंबहुना वडिलांच्या मते जरा अधिकच स्वच्छ. लघुलहरींवर तो मध्येच बुडून पुन्हा वर येई, तसा आला असता तर खरा वाटला असता, असे ते म्हणतात. निवेदनाची घडण मात्र अजून तीच आहे. ‘बहनो और भाइयो’ म्हणताना बहिणी आधी येतात, गाण्याच्या क्रमांकाला ‘पायदान’ हा घरगुती शब्द मिळतो, आणि गाण्याचे नाव सांगण्याआधी ते किंचित थांबतात. त्या थांबण्यात आईच्या हातातली मटारची शेंग अर्धी सोललेली राहते.

यंत्राबद्दल थोडक्यात सांगायचे तर बटणे मोठी आहेत, वयस्कर माणसाला ती चष्म्याविना सापडतात, आणि एफएमही आहे. ज्या दुकानातून घेतले, तिथल्या विक्रेत्याने ब्लूटूथ तेवढा वाजवून दाखवला आणि गाण्यांची पुस्तिका द्यायचीच राहिली. ती आणायला दुसरी फेरी मारावी लागली.

माझी खरी तक्रार पुढच्या गाण्यावर जाण्याच्या बटणाबद्दल आहे. गीतमाला ऐकणाऱ्याने सर्वांत शेवटी येणाऱ्या पहिल्या पायदानापर्यंत वाट पाहायची असते, आणि इथे ती वाट एका बोटाने संपते. आईला नुसते गाणे हवे असते, म्हणून ती निवेदन ओलांडून पुढे जाते. वडील काही न बोलता उठतात आणि पुन्हा मागे आणून ठेवतात.