बैलजोडी की ट्रॅक्टर? पाच एकरवाल्यासाठी ऊर्जेचा हिशेब

दावणीची जोडी विकून कर्जावर ट्रॅक्टर घ्यावा का, हा प्रश्न गावोगाव विचारला जातोय. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे, म्हणजे साडेतीन एकरांच्याही आत. म्हणून चार-पाच एकरांचाच शेतकरी डोळ्यासमोर ठेवतो. पैशांचा हिशेब जो तो करतोच. ऊर्जेचा मात्र कुणी मांडत नाही आणि डिझेल-खताची महागाई आपल्यापर्यंत येते ती तिथूनच.

आधी नांगरट. नांगराच्या तासाची, म्हणजे एका सरीची, रुंदी वीतभर, 20 सेंटिमीटर धरली, तर एक एकर नांगरायला बैलांना साधारण 20 किलोमीटर चालावं लागतं. वळणं आणि विसावा धरून दोन दिवस गेलेच. जोडीची सलग ताकद जेमतेम एक अश्वशक्ती. 35 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तेच काम तास-दीड तासात, सहा-आठ लिटर डिझेलमध्ये आणि जास्त खोल करतो. वाफसा, म्हणजे मशागतीजोगा ओलावा, चार दिवस टिकणार असेल, तर हा फरक साधा नाही. नांगरटीला ट्रॅक्टरच बरा, यात मला शंका नाही.

आता दावणीकडे बघू. जोडी रोज 16 ते 20 किलो कोरडा चारा खाते, काम असो वा नसो. वर्षाचा चारा सहा-सात टन होतो. त्यातली ऊर्जा मोजली तर ती तीन हजार लिटर डिझेलच्या घरात जाते आणि तिचा शंभरावा हिस्साही जुवावर उतरत नाही. नुसत्या आकड्यांत बैल हरतो. पण कडबा आणि भुसकट माणूस खात नाही, ते परदेशातून येत नाही आणि त्यातलं बरंचसं शेण होऊन परत रानातच जातं. ज्याच्याकडे स्वतःचा कडबा आहे, त्याचं गणित वेगळं. वर्षभर विकतची वैरण आणि ढेप घालणाऱ्याने जोडी ठेवू नये, असं मी स्पष्टच सांगेन. त्यात 2015 पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे थकलेल्या बैलाचा चाराही धरावा लागतो.

बैल खरा उपयोगी पडतो कोळपणीला, म्हणजे उभ्या पिकातलं तण काढायला. सोयाबीन गुडघ्याच्या खाली असताना, मुसकी बांधलेली जोडी दोन ओळींमधून जाते, कोळप्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, तण कापत आणि माती मोकळी करत मागून येते. जमीन दबत नाही, तणनाशक लागत नाही. मोठा ट्रॅक्टर तिथे घालता येत नाही. पण त्यासाठी प्रत्येकाने जोडी पाळायची गरज नाही. भावकीतल्या दोन-तीन घरांत मिळून एक पुरते.

स्वतःचा ट्रॅक्टर? पाच एकरांत वर्षाला 40-50 तासांचं काम. पावणेदोन-दोन टन लोखंड तेवढ्यासाठी दारात उभं करू नका. भाड्याने सांगा.

मात्र शेतीत बाहेरून येणारी ऊर्जा वाढली, ती मुख्यतः ट्रॅक्टरमुळे नाही. युरियाची 45 किलोची गोणी घ्या. थळ किंवा ट्रॉम्बेच्या कारखान्यात हवेतला नत्र नैसर्गिक वायू वापरून अमोनियात बांधतात, मग त्याचा युरिया होतो. एका गोणीमागे साधारण 30 लिटर डिझेलइतकी ऊर्जा जाते, म्हणजे चार एकरांची नांगरट. सुरू उसाची, म्हणजे हिवाळ्याअखेर लावलेल्या उसाची, शिफारस हेक्टरी 250 किलो नत्राची. एकरी पाच गोण्या, दीडशे लिटर. उसाच्या सगळ्या मशागतीला मिळूनही एवढं डिझेल लागत नाही.

मग शेणखतावर भागेल? जोडीचं वर्षाचं कुजलेलं खत तीन-चार टन, त्यात नत्र एका गोणीच्या आसपास. सेंद्रिय कर्बासाठी ते हवंच, पण उसाला पुरणार नाही. तूर, हरभरा, सोयाबीन मुळांच्या गाठींत नत्र स्वतः धरतात, म्हणून जिरायत, म्हणजे पावसावरच्या, कडधान्यवाल्याला हा भार फारसा नसतो.

आणि पंप. एक एकर उसाला पाटपाण्याने 80 लाख लिटर दिलं आणि ते 30 मीटर खालून उचललं, तर जुनाट मोटारीवर दीड हजार युनिट सहज जळतात. कोळशावरच्या वीजनिर्मितीत दोन तृतीयांश ऊर्जा वाया जाते, ती धरली तर हा खर्च खतापेक्षाही मोठा ठरतो. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत असल्याने बिलात तो दिसत नाही. विहिरीच्या पाण्याच्या पातळीत दिसतो.

म्हणून जिरायतवाल्याने कडबा घरचा असेल तर भागीत जोडी ठेवावी, नांगरट भाड्याने करावी. ऊसवाल्याने ट्रॅक्टरचा विचार बाजूला ठेवून ते पैसे आधी ठिबकमध्ये आणि चांगल्या मोटारीत घालावेत, माती तपासून युरिया ठिबकमधूनच हप्त्यांनी द्यावा.