अमेरिकेतल्या तुरुंगात नोकरी: फेडरल, राज्य की खासगी?

तिकडे वाढलेल्या आपल्या मुलामुलींपैकी कुणी तुरुंगातल्या पहाऱ्याच्या नोकरीचा विचार करत असेल, तर पगाराच्या आधी एक गोष्ट विचारावी: पाळीवरचा माणूस आलाच नाही, तर त्याच्या जागी कोण उभं राहतं?

फेडरल ब्युरो ऑफ प्रिझन्समध्ये (केंद्र सरकारच्या तुरुंग खात्यात) तिथलाच शिक्षक किंवा नर्स उभी राहते. त्या दिवशी वर्ग बंद, दवाखान्याची रांग लांब. कैद्यांचे हाल वेगळेच. तरी नोकरी पक्की. सहसा सदतिशीच्या आत भरती व्हावं लागतं आणि ५७ व्या वर्षी सक्तीची निवृत्ती असते, पण २० वर्षं भरली की पन्नाशीत पेन्शन घेऊन बाहेर पडता येतं.

राज्यांच्या तुरुंगांत बहुतेक कैदी आहेत, दहा लाखांच्या वर. मात्र राज्य बदललं की नोकरीच बदलते. कॅलिफोर्नियात संघटना भक्कम आणि पगार चांगला. टेक्ससमध्ये बहुतेक कैद्यांच्या बराकींत एसी नाही, आणि पहारेकरीही त्याच उकाड्यात घामाघूम होतात. न्यूयॉर्कमध्ये रिकाम्या जागेवर आधीच थकलेला सहकारी थांबतो, सक्तीच्या ओव्हरटाइमवर. फेब्रुवारी २०२५ मध्ये हे असह्य होऊन लोक संपावर गेले. तिथे सरकारी नोकरांना संपाची मुभा नाही. नॅशनल गार्ड (राज्याचं राखीव सैन्य) आणावं लागलं आणि दोन हजारांहून अधिक जणांची नोकरी गेली.

खासगीत कधीकधी कुणीच उभं राहत नाही. आयडाहो राज्यात कंत्राटावर तुरुंग चालवणाऱ्या सीसीए कंपनीने (आजची कोअरसिव्हिक) २०१३ मध्ये कबूल केलं, की रिकाम्या जागा कागदावर भरलेल्या दाखवल्या होत्या. पुढच्या वर्षी राज्याने तो तुरुंग ताब्यात घेतला. माझ्या लेखी हा पैशांच्या हिशोबाचा घोळ नाही. बराकीत मारामारी झाली तर मदतीला धावणारा माणूस तिथे नव्हता, असा त्याचा अर्थ. सरकारी पेन्शनही इथे नाही. शिवाय फेडरल कंत्राटं व्हाइट हाउसच्या मर्जीवर: २०१६ मध्ये बंद करायची ठरली, २०१७ मध्ये तो निर्णय फिरला, २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली, २०२५ मध्ये तीही उठली.

वय बसत असेल तर मी फेडरल सुचवेन. नाहीतर ज्या राज्यात संघटना मजबूत आहे ते. खासगी जागा दुसरं काहीच हाती नसेल तरच. मुलाखतीत रिकाम्या जागा किती आणि महिन्याला सक्तीचा ओव्हरटाइम किती, हे सरळ विचारा. मग पाळी सुटायच्या वेळी पार्किंगमध्ये दोघातिघांशी बोला आणि आकडे जुळतात का पाहा.