आईचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) इथे केला, मॅडमनी हृदयाची झडप स्क्रीनवर दाखवली

मागच्या महिन्यात आईला घेऊन इथे आलो होतो, लिहायचं राहूनच गेलं. वर्षभर तिला धाप लागत होती, आठ पायऱ्या चढली की कठड्याला धरून उभी राहायची, रात्री खोकला, आणि आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा म्हणून तीन उशा लावून बसल्यासारखी झोपायची. कुणी दमा म्हणालं, कुणी वय झालं म्हणालं, आम्ही आपले पंप देत राहिलो. शेवटी एका डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले मर्मर, म्हणजे ठोक्यांमध्ये वेगळा घरघर आवाज, ऐकू येतोय, आधी इको करून या.

इथल्या मॅडमचं मनापासून कौतुक. "काकू, जेल गार लागेल हां" असं सांगून डाव्या कुशीवर झोपवलं, अर्धा तास निवांत बघितलं, मग स्क्रीन आमच्याकडे वळवून मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) दाखवली. नीट उघडतच नव्हती, माशाच्या तोंडासारखी नुसती फट. उघडल्यावरची जागा नॉर्मल ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते, आईची १.१. मागे फुफ्फुसात रक्त तुंबतं म्हणून ती धाप. मग विचारलं, लहानपणी घसा दुखून ताप, नंतर सांधे सुजलेले का? आई म्हणाली हो की, पाचवीत असताना, गुडघा उतरला की मनगट सुजायचं, दोन महिने शाळा बुडली. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं! तो रुमॅटिक फीवर, घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंनंतर होतो, सांधे बरे होतात पण झडपा हळूहळू जाड होऊन चिकटत जातात आणि त्रास कित्येक वर्षांनी सुरू होतो. बाहेर बसलेल्या एका आजोबांचं वेगळंच, त्यांच्या एओर्टिक झडपेवर (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी) वयामुळे कॅल्शियम साठलेलं, चालताना चक्कर यायची.

तक्रार एकच पण मोठी. सेंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. धापेच्या पेशंटला दोन जिने चढायला लावता, आई मधल्या चौकात दोनदा खाली बसली, निदान तिथे एक खुर्ची तरी ठेवा. ११ ची वेळ देऊन १ ला नंबर लागला ते एकवेळ चालेल.

रिपोर्ट बघून हार्टच्या डॉक्टरांनी बलूनने झडप उघडता येईल म्हणून सांगितलंय, पुढच्या आठवड्यात ॲडमिट करतोय. नंतरचा इको इथेच, मॅडमकडेच.